मिनोरीला कुणी विचारलं का?

परवा रात्री उशिरा भाचीचा मेसेज आला. "मावशी, तोरादोरा संपली. मला खूप राग आलाय." एवढंच. मी विचारलं कुणाचा राग, तर बराच वेळ नुसतं टायपिंग टायपिंग दिसत राहिलं आणि मग आलं, "मिनोरीला कुणी विचारलंच नाही गं." त्यानंतर मी काय काय लिहिलं पण एकच टिक, म्हणजे फोन बंद करून झोपली असणार. शाळकरी मुलामुलींच्या प्रेमाची ही जपानी ॲनिमे सिरीज मीच सुचवली होती तिला, अकरावीची परीक्षा संपल्यावर, आणि मला वाटलेलं की ती रडेल, ख्रिसमसच्या भागाबद्दल बोलेल (सगळे त्याबद्दलच बोलतात), नायिका ताइगा किती गोड आहे वगैरे म्हणेल. राग येईल असं काही डोक्यात नव्हतं. आणि राग आला तोही ताइगाचा नाही, नायक ऱ्यूजीचा नाही, गोष्टीचाच, की मिनोरीला, ताइगाच्या जिवलग मैत्रिणीला, सगळ्यांनी मिळून समजूतदार ठरवून टाकलं आणि पुढे निघून गेले. मी अंधारात तशीच पडून राहिले आणि माझ्या डोक्यात मिनोरी कुशिएदा धावायला लागली, शाळेच्या त्या लांबलचक कॉरिडॉरमधून, नेहमीसारखी मोठ्यांदा हसत नाही तर नुसती धावत.

आता ही सिरीज काही नवीन नाही. २००८च्या ऑक्टोबरमध्ये जपानमध्ये टीव्हीवर सुरू झाली आणि २००९च्या मार्चमध्ये संपली, पंचवीस भाग. म्हणजे सुरू झाली तेव्हा माझी भाची जन्मली होती की नाही हेही आठवून बघावं लागेल. तरी अजून लोक ती बघतायत आणि अजून भांडतायत. माझ्या ओळखीत ज्यांनी ज्यांनी बघितली त्या प्रत्येकाचं मत वेगळं, आणि नुसतं आवडली किंवा नाही आवडली एवढ्यावर कुणी थांबत नाही, प्रत्येकाची कुणावर तरी नाराजी असतेच. मामेभावाने चौथ्या-पाचव्या भागात सोडून दिली. का, तर ताइगा मारते. माझी एक मैत्रीण बेंगळुरूला असते, ती म्हणते गोष्ट खरी त्यातल्या आमी नावाच्या मुलीची होती आणि लिहिणाऱ्यांनाच ते कळलं नाही. ऑफिसमधला एक मुलगा म्हणतो सगळं मस्त होतं पण शेवटच्या भागात माती केली, ताइगा निघून का गेली याला काही अर्थच नाही. आणि माझी आई. आईने कधीच अख्खी बघितली नाही, पण मी बघत असताना मागून जाता जाता एकदा थांबली, स्क्रीनवर ऱ्यूजी स्वयंपाकघर पुसत होता, आणि म्हणाली, "हा मुलगा कुठला गं? ओटा किती नीट पुसतोय." मग पदराला हात पुसत तिथेच उभी राहून तिने तो अख्खा सीन बघितला.

मला ऱ्यूजी ताकासू तिथूनच आवडायला लागला होता, त्या पुसण्यावरून. डोळे गुंडासारखे म्हणून वर्गात सगळे त्याला घाबरतात, आणि घरी हा माणूस वापरून फेकायच्या चॉपस्टिकला कापड गुंडाळून खिडकीच्या खाचेतली बुरशी काढतो. आई यासुको रात्री बारमध्ये काम करते, दिवसा झोपते, बाप नाही, म्हणून घर याच्याच अंगावर. शेजारी उंच बिल्डिंग झाली आणि याच्या घरातला सूर्यप्रकाश गेला, त्यामुळे बुरशी जास्त. आणि त्याच बिल्डिंगमध्ये, याच्या खोलीच्या बरोबर समोरच्या खिडकीत, ताइगा आइसाका राहते, एकटी, बापाने घेऊन दिलेल्या भल्यामोठ्या फ्लॅटमध्ये, जिथे सिंकमध्ये भांडी कुजतायत. कुणी जवळ नको म्हणून दिलेलं घर आहे ते. पहिल्याच भागात ती रात्री लाकडी तलवार घेऊन त्याला मारायला येते, कारण ऱ्यूजीच्या मित्राला, कितामुराला, द्यायचं तिचं प्रेमपत्र चुकून ऱ्यूजीच्या बॅगेत गेलंय (पाकिटात पत्र टाकायचंच ती विसरलीय, पाकीट रिकामं), आणि मारता मारता भुकेने कोसळते. मग हा तिला फोडणीच्या भातासारखा तो जपानी भात करून घालतो, लसूण घालून. ती जेवते. संपलं. मला वाटतं अख्ख्या सिरीजमधलं प्रेम त्या वाडग्यातच सुरू झालेलं आहे, पण त्या दोघांना ते कळायला चोवीस भाग लागतात आणि आपल्याला मात्र दुसऱ्या भागापासून दिसत असतं. यावरूनच बघणाऱ्यांची चिडचिड होते.

मामेभावाचं म्हणणं मी कधी उडवून लावलं नाही. त्या काळात अशा नायिका फार होत्या, वरून फटकळ आतून हळवी, जवळ आलेल्या मुलाला लाथ मारणार आणि लाजणार, आणि ताइगाला आवाज देणारी रिए कुगिमिया तर अशा भूमिकांसाठीच ओळखली जायची. ताइगा मारते तेव्हा मागे गमतीचं म्युझिक वाजतं. पहिल्यांदा बघितली तेव्हा मी हसलेही असेन, आता नाही हसू येत. मुलगी मारते म्हणून ते मारणं विनोदी होतं असं मला आज पटत नाही, आणि सिरीजने तिथे सोपा रस्ता घेतला हे मान्यच करायला हवं. पण भाऊ तिथेच थांबला आणि विजेचा खांब त्याने नीट बघितलाच नाही याचं मला वाईट वाटतं. दुसऱ्या भागात आहे तो. रात्रीचा रस्ता, ताइगा एका खांबाला लाथा मारतेय आणि ओरडतेय, की लोकांना मी कळत नाही, सगळे मला काहीतरी भलतंच समजतात. एवढीशी पोर, दीड मीटरसुद्धा उंची नाही, आणि काँक्रीटच्या खांबाशी भांडतेय. ऱ्यूजी तिला थांबवत नाही. तोही येऊन खांबाला लाथ मारतो. दोघं मिळून त्या खांबाला लाथा घालतात आणि शेवटी तिला वाटतं खांब थोडा वाकला. तिचा राग कुणावर आहे ते त्या रात्री कळतं, आणि तो ऱ्यूजीवर नाहीये.

आमीबद्दल मैत्रीण बोलते तेव्हा तिचा आवाजच बदलतो. आमी कावाशिमा, मॉडेल, दिसायला सुंदर, सगळ्यांसमोर गोड आणि मागे तिखट. पण तिचं एक ठिकाण आहे शाळेत, थंड पेयांच्या दोन व्हेंडिंग मशीनच्या मधली फट. तिथे ती गुडघे जवळ घेऊन बसते. मासिकांत जिचे फोटो येतात ती मुलगी मावेल एवढीच जागा. मैत्रीण म्हणते मी शाळेत असताना लॅबच्या जिन्याखाली बसायचे, आमीला बघितलं आणि मला वाटलं ही कुणी लिहिली, हिला कसं माहीत. आणि आमीला सगळं दिसतं. ऱ्यूजीला ती तोंडावर सांगते, तुम्ही घर-घर खेळताय, तू बाप, मिनोरी आई, ताइगा तुमचं बाळ, बंद करा हे. इतकं खरं बोलणारं माणूस गोष्टीत शेवटी एकटंच राहतं. मैत्रिणीचा राग यावरच आहे, की खरं बोलण्याचं काय फळ मिळालं तिला? पण मला वाटतं तिला ऱ्यूजी मिळाला असता तर ते आणखी खोटं झालं असतं, कारण तिला मुळात हवं होतं ते कुणीतरी तिच्या बरोबरीने बोलणारं माणूस. सहलीच्या वेळी बर्फात तिची आणि मिनोरीची मारामारी होते ना, खरीखुरी, केस ओढून, ओरडून, तो मला त्या दोघींच्या मैत्रीचा पहिला दिवस वाटतो. मैत्रिणीला हे अजिबात पटत नाही. आमचं यावर फोनवर भांडण होतं आणि मग आम्ही मुलांच्या शाळेच्या फीबद्दल बोलायला लागतो.

पण मला मिनोरीकडे यायचंय. भाचीने जिथे सोडलं तिथे.

मिनोरी, जी ऱ्यूजीला आधीपासून आवडते, ती सतत हसते. सॉफ्टबॉलची कॅप्टन, कितीतरी ठिकाणी पार्टटाइम कामं, बादलीभर पुडिंग करणारी, प्रत्येक वाक्याला नाटकी हावभाव. पहिल्या आठ भागांत ती मला थोडी दमवतेच. आणि मग उन्हाळ्याच्या सुट्टीत सगळे आमीच्या समुद्राजवळच्या बंगल्यावर जातात, आणि रात्री बाल्कनीत मिनोरी ऱ्यूजीला भुतांबद्दल सांगायला लागते. की भुतं असतात यावर माझा विश्वास आहे पण मला कधी दिसली नाहीत. काही जणांना दिसतात, काहींना आयुष्यभर दिसत नाहीत. प्रेमाचंही तसंच. लोक सहज प्रेमात पडतात, मला ते कसं जमतं कळत नाही, कदाचित मला कधीच दिसणार नाही. ऱ्यूजी म्हणतो तुला दिसावं असं मला वाटतं. समुद्राचा आवाज, खाली अंधार. सिरीजमध्ये इतकं सरळ बोलणं त्या आधी कुणीच कुणाशी केलेलं नाही, आणि तेही भुतांच्या आडून. सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींना असंच बोलता येतं, तिसऱ्याच कशाच्या तरी आडून. आमच्याकडे अकरावीत मुलं-मुली एकमेकांशी बोलायची ती नोट्सच्या आडून. तुझ्याकडे ऑरगॅनिकचं ते रिअॅक्शनचं पान आहे का. पान सगळ्यांकडे असायचं.

नंतर ते भूत मिनोरीला दिसतं, आणि दिसलं हेच तिला नको असतं, कारण तोवर ताइगाचं ऱ्यूजीवर किती आहे हे तिने ओळखलेलं असतं. मग तो एकोणिसावा भाग, ख्रिसमसच्या आदल्या रात्रीचा. जपानमध्ये ती रात्र जोडप्यांची समजतात, बाहेर जेवायला जायचं, केक, दिव्यांची झाडं. (गंमत म्हणजे तो भाग टीव्हीवर पहिल्यांदा लागला तो फेब्रुवारीत, आणि आता जगभर लोक चोवीस डिसेंबरला मुद्दाम काढून बघतात.) ऱ्यूजी अस्वलाचा पोशाख घालून ताइगाकडे सांता बनून जातो. ती इतकी हसते त्या अस्वलाला बिलगून. आणि मग स्वतःच त्याला ढकलते, जा, मिनोरी वाट बघतेय, आज तिला सांगून टाक. तो जातो. दार बंद होतं, घर शांत, आणि हळूहळू तिच्या चेहऱ्यावर ते उतरतं की आपण कुणाला पाठवून दिलं. ती अनवाणी रस्त्यावर धावत येते आणि त्याचं नाव घेऊन रडते, लहान मूल गर्दीत हरवल्यावर रडतं तशी. ऱ्यूजीला ते ऐकू जात नाही. मिनोरीला जातं. आणि त्याच रात्री मिनोरी त्याला बोलूच देत नाही, हसत हसत सांगते की मला वाटतं भुतं न दिसलेलीच बरी. तो तापाने फणफणून आडवा होतो आणि आपण इकडे बसून कुणाकुणासाठी रडायचं ते ठरवत राहतो.

बहुतेक लोक त्या भागात ताइगासाठी रडतात. मीही पहिल्यांदा तिच्यासाठीच रडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाचीला फोन केला. ती दात घासत बोलत होती. म्हणाली, "मावशी, ताइगाने मिनोरीसाठी ऱ्यूजीला सोडलं, मिनोरीने ताइगासाठी सोडलं, पण शेवटी सोडावं कुणाला लागलं? मिनोरीलाच ना? मग ताइगाच्या सोडण्याची किंमत काय?" मी म्हटलं अगं पण मिनोरी स्वतःच ठरवते ना ते. ती म्हणाली, "तेच तर. तिला दुसरं काही ठरवायला जागाच नव्हती. ती चांगली मैत्रीण आहे असं सगळ्यांनी आधीच ठरवून टाकलेलं." आणि चूळ भरायला गेली. सोळा वर्षांच्या मुलीने दात घासता घासता जे सांगितलं ते मला इतकी वर्षं नीट मांडता आलं नव्हतं.

कारण मला या गोष्टीत एक वेगळीच जागा टोचते. बारावीत असताना माझी एक जिवलग मैत्रीण होती, एकाच बाकावर बसायचो, क्लासला एकत्र सायकलवर, डबा एकमेकींचा. आणि एक मुलगा होता, जो मला आवडायचा. मी तिला सगळं सांगायचे, आज तो काय बोलला, कसं बघितलं, कुठल्या रंगाचा शर्ट. ती ऐकायची, हसायची, मला चिडवायची, माझ्यासाठी त्याच्याकडून जर्नल मागून आणायची. त्याचं माझं काही झालं नाही, तो इंजिनीअरिंगला दुसऱ्या गावी गेला आणि संपलं. बऱ्याच वर्षांनी एका लग्नात ती मैत्रीण भेटली, आम्ही मांडवाच्या मागे खुर्च्या टाकून आइस्क्रीम खात बसलो होतो, आणि ती सहज म्हणाली, मलाही आवडायचा तो, पण तू आधी बोललीस ना, मग मी गप्प बसले. हसत म्हणाली. आणि मला काय झालं माहीत नाही, मला तिच्याबद्दल माया वाटायला हवी होती, पण मला राग आला. इतका राग की आइस्क्रीम तसंच वितळलं. म्हणजे दोन वर्षं मी जिला सगळं सांगत होते ती तिथे नव्हतीच, ती आतल्या आत दार लावून बसलेली आणि बाहेर माझ्यासाठी हसतेय. माझ्या आनंदाची तिने एकटीने काळजी घेतली, मला न विचारता. मला तिच्याशी भांडायचं होतं बारावीतच. रडायचं होतं दोघींनी. त्या मुलापेक्षा ती मला जास्त हवी होती, आणि हे मला कधी सांगताच आलं नाही कारण प्रश्नच माझ्यापर्यंत पोचला नाही.

म्हणून तेविसाव्या-चोविसाव्या भागात, व्हॅलेंटाइनच्या चॉकलेटवरून सगळं फुटतं आणि मिनोरी ताइगाला अडवून विचारते, की तू मला ऱ्यूजी दिलास म्हणून मी खूश होईन असं वाटलं का तुला, तेव्हा मी उठून बसते. हेच विचारायचं होतं मला. दुसऱ्यासाठी बाजूला होणं हे आपल्याकडे एवढं मोठं मानतात, आपल्या कितीतरी कथांमध्ये बाजूला होणारी माणसंच मोठी असतात, पण ज्याच्यासाठी बाजूला झालो त्याला कसं वाटतं हे कोण विचारतं. या सिरीजमध्ये दोन मैत्रिणी एकमेकींसाठी बाजूला होतात आणि दोघींनाही ते आवडत नाही. दोघी चिडतात. मला हे फार प्रामाणिक वाटतं. मारी ओकाडा, जिने ही पटकथा बांधली, ती स्वतः लहानपणी कित्येक वर्षं शाळेत गेली नव्हती, घरातच असायची, हे तिने आत्मकथेत लिहिलंय. मला नेहमी वाटतं की वर्गात मनातलं बोलता न येणं हे तिच्याइतकं आतून फार कमी जणांना माहीत असेल. तिच्या गोष्टींतली मुलंमुली बोलतात तेव्हा किंचाळतातच, कारण मधल्या पायऱ्या त्यांना कधी मिळालेल्याच नसतात. काहींना ते फार नाटकी वाटतं. मला नाही वाटत.

आणि तरी भाचीचं म्हणणं उरतंच. मिनोरी ताइगाला बोलायला लावते, स्वतः ऱ्यूजीला सांगून टाकते की मलाही तू आवडायचास, आणि त्याला ताइगाच्या मागे पाठवते. मग आमीसमोर रडते. तिची गोष्ट तिथे बंद होते. तिने सगळं नीट केलं म्हणून गोष्टीने तिच्याकडे पाठ फिरवली असं वाटतं, घरात समजूतदार मुलीकडे फिरवतात तशी, ती काय, ती सांभाळून घेईल.

ताइगाच्या जाण्याबद्दल मात्र मी ऑफिसमधल्या त्या मुलाशी भांडते. तो म्हणतो पुलावरून गार पाण्यात पडून झालं, पळून जायचं ठरलं, लग्नाच्या आणाभाका झाल्या, आणि मग ही एका चिठ्ठीवर निघून जाते, वर्षभर गायब, आणि शाळा संपायच्या दिवशी वर्गातल्या लॉकरमधून निघते, हे काय आहे. घाई झाली हे खरंच. दहा पुस्तकांची मूळ कादंबरी, युयुको ताकेमियाची, पंचवीस भागांत बसवायची, त्यात दहावं पुस्तक आणि शेवटचा भाग दोन्ही त्याच २००९च्या मार्चमधले, शेवटच्या भागात श्वास घ्यायला जागा नाही हे दिसतंच. पण तिने जाणं मला चुकीचं वाटत नाही. ते दोघं पळून कुठे जातात? ऱ्यूजीच्या आजी-आजोबांच्या घरी, ज्यांना तो आयुष्यात पहिल्यांदा भेटतोय. त्या घरातून यासुको शिकायच्या वयात पोटात मूल घेऊन निघून गेली होती आणि परत कधी आली नाही. ऱ्यूजी खोटं सांगून आईला तिथे बोलावतो. यासुको येते, आणि आपल्या आईसमोर ती अचानक शाळकरी मुलगी दिसायला लागते. एवढी वर्षं बारमधलं ते लाडिक बोलणं, झोपाळलेले डोळे, मुलाने केलेला डबा, आणि आत ही सगळी न भेटलेली माणसं. ताइगा हे सगळं त्या खोलीत बसून बघते. पळून गेलं की काय होतं ते तिच्यासमोर, साडीच्या घडीसारखं, नव्हे, मी ते कशासारखं नाही म्हणत, ते समोर माणूस होऊनच बसलंय. त्यानंतर ती त्याच्याबरोबर पळून राहिली असती तर मला ती मुलगी काहीच कळली नाही असं वाटलं असतं. तिच्या आईने दुसरं लग्न केलंय, नवीन बाळ येणार आहे, बाप कर्ज टाकून पळालाय. ज्या आईने सोडलं तिच्याकडे परत जाणं हे ताइगासाठी त्या लाकडी तलवारीपेक्षा अवघड काम आहे. आणि ऱ्यूजी घर-घर खेळणं थांबवतो ते इथेच, तिला थांबवत नाही म्हणून. आमीने सांगितलेलं असतंच.

माझ्या मैत्रिणीने एकदा विचारलं, तुला चाळिशीकडे जाताना ही शाळेतली पोरं काय आवडतात. मला खरं तर यासुकोच जास्त दिसायला लागलीये हल्ली. ती काही कुठल्या गटात येत नाही, कुणी तिच्यावरून भांडत नाही. पण मुलाने कॉलेजला जावं म्हणून दिवसा दुसरं काम धरते आणि कोसळते, मुलगा म्हणतो मला नकोच कॉलेज, आणि त्यावर ती ज्या चेहऱ्याने बघते, तो चेहरा मी आमच्या सोसायटीत पोळ्या करायला येणाऱ्या ताईंच्या चेहऱ्यावर बघितलाय, मुलाने डिलिव्हरीचं काम धरलं त्या आठवड्यात. यासुकोसुद्धा बाजूलाच झालेली आहे, मुलासाठी. त्याला न विचारता. आणि मुलगा तिच्यासाठी. या गोष्टीत सगळेच एकमेकांसाठी काहीतरी सोडत बसलेत आणि त्याचा कुणालाच आनंद नाही, आणि ज्या क्षणी कुणीतरी ओरडून म्हणतं की मला हे हवंय, त्या क्षणी गोष्ट हलते. ताइगा सोळाव्या भागात तलवार घेऊन तिसऱ्या वर्षाच्या वर्गात घुसते तेव्हाही हेच मागत असते, की विद्यार्थी मंडळाची अध्यक्ष असलेल्या सुमिरेने तिच्यावर प्रेम करणाऱ्या कितामुराला निदान खरं उत्तर द्यावं. नाही म्हण, पण खरं म्हण. त्या भागावर मतभेद असलेला माणूस मला अजून भेटला नाही.

भाचीला मी हे सगळं लिहून पाठवलं, म्हणजे एवढं नाही, थोडक्यात. ती म्हणाली, "ओके, ताइगाचं पटलं. मिनोरीचं नाही पटलं." आणि खरं सांगायचं तर मलाही ते पटवून द्यायचं नव्हतं. पंचविसावा भाग माझ्या हातात दिला असता तर मी ताइगाचं जाणं तसंच ठेवलं असतं, लॉकरही ठेवला असता, पण मधल्या त्या वर्षात मिनोरीला पाच मिनिटं दिली असती. मैदानावर नको, तिथे तर ती सगळ्यांना दिसतेच. रडतानाही नको. कामावरून दमून आलीये, आणि ऱ्यूजीने नाही, आमीने तिच्यासाठी काहीतरी करून ठेवलंय, आमीला येत नाही तरी केलंय, करपलंय, आणि मिनोरी तोंड वाकडं करून म्हणतेय की हे वाईट झालंय. हसत नाही, विनोद करत नाही, सरळ म्हणतेय मला हे आवडलं नाही. भाची म्हणते पाच मिनिटं कमी आहेत, अख्खा भाग पाहिजे.